स्पर्शाविना सूर

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने नफातोटा आणि खतावणी यांवर लिहावे, वाद्यांच्या भानगडीत पडू नये, असे कोणी म्हटले तर ते मला मान्य आहे. पण गेले काही महिने मी एका माणसाचा हिशेब मनातल्या मनात मांडते आहे आणि तो काही केल्या जुळत नाही. जुळत नसलेला ताळेबंद चार जाणत्यांपुढे ठेवावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

लहानपणी मी पेटी शिकत होते. शिकवणाऱ्या बाई कानडी पदेही बसवून घेत आणि मराठी अभंगही. त्यांची एकच तक्रार असे, की पेटीत मींड नाही. एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडी मारता येते, पण दोन सुरांच्या मधली वाट पेटीला ठाऊक नसते. पुढे एकदा क्लारा रॉकमोर या बाईंचे एक ध्वनिमुद्रण माझ्या कानी पडले. आधी वाटले, कोणी स्त्री ओठ मिटून गाते आहे. मग वाटले, व्हायोलिन असेल. दोन्ही नव्हे. ते थेरेमिन नावाचे विजेवर चालणारे वाद्य होते. त्याला तार नाही, पट्टी नाही, भोक नाही. वाजवणारा त्याला हातसुद्धा लावत नाही. दोन एरियलांजवळ हवेत हात हलवायचे, की सूर निघतात, आणि निघतात ते सगळे मींडेनेच! हे वाद्य ज्याने केले त्या लेव्ह सर्गेयेविच तेर्मेनची ही कथा. पाश्चात्त्य जगात त्याला लिऑन थेरेमिन म्हणतात.

त्याचा जन्म १८९६ सालच्या ऑगस्ट महिन्यात रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. घराण्याचे मूळ फ्रेंच. मुलगा चेलो हे मोठ्या आकाराचे तंतुवाद्य शिकला आणि त्याच सुमारास पदार्थविज्ञान व खगोलशास्त्रही शिकला. पहिल्या महायुद्धात त्याने सैन्यात बिनतारी संदेशवहनाचे काम केले. क्रांतीनंतर पेट्रोग्राडमध्ये अब्राम योफे या नामांकित शास्त्रज्ञाच्या संस्थेत तो दाखल झाला. तेथे त्याच्याकडे वायूंचे विद्युत् गुणधर्म मोजण्याचे काम होते. मोजमापाच्या उपकरणातून एक शीळ निघत असे. हात जवळ नेला की ती शीळ चढते आणि दूर नेला की उतरते, हे त्याच्या ध्यानात आले. दुसऱ्या कोणी हा उपकरणातला दोष मानला असता आणि तो काढून टाकण्याच्या खटपटीला लागला असता. तेर्मेनच्या अंगी चेलोवादक मुरलेला होता. त्याने त्या शिळेवर ओळखीच्या सुरावटी वाजवायला सुरुवात केली. ही गोष्ट १९२० सालची. तेव्हा त्याचे वय २४ वर्षांचे होते.

हे वाद्य चालते कसे, हे कळायला मला बरेच दिवस लागले. शेवटी ते कळले खतावणीच्या भाषेत. पेटीच्या आत विजेची अतिशय जलद कंपने निर्माण करणारी दोन मंडले असतात. समजा, एकाची कंपने सेकंदाला १,७०,००० आणि दुसऱ्याची १,६९,५६०. एवढी जलद कंपने माणसाच्या कानाला कळतच नाहीत. पण ती एकत्र केली की त्यांतला फरक, म्हणजे ४४० कंपने, तेवढी ऐकू येतात. नावे आणि जमा या दोन्ही बाजूंचे मोठे आकडे मुके राहतात आणि शिल्लक तेवढी बोलते! आता आपला हात म्हणजे काय? विजेच्या दृष्टीने तो कंडेन्सरचा एक पत्रा आणि उभे एरियल हा दुसरा. हात पुढे-मागे झाला की एका मंडलाची कंपने किंचित बदलतात, शिल्लक बदलते आणि सूर चढतो किंवा उतरतो. डाव्या हाताशी आडवे, वळलेले एरियल असते. त्याच्याजवळ हात नेला की आवाज लहान होतो, उचलला की मोठा होतो. बस्स, एवढाच मामला.

१९२२ सालच्या मार्च महिन्यात क्रेमलिनमध्ये लेनिनसमोर हे वाद्य वाजले. ग्लिंका या रशियन संगीतकाराचे चंडोल पक्ष्यावरचे एक गीत आहे. ते वाजवताना तेर्मेनने आधी लेनिनचे हात धरून मार्ग दाखवला आणि मग लेनिनने ते स्वतःच्या हातांनी पुढे नेले. त्याच भेटीत तेर्मेनने आणखी एक वस्तू दाखवली. कोणी माणूस जवळ आला की सूचना देणारे, चोर पकडण्याचे यंत्र! तत्त्व तेच. हात जवळ आला की वीज बदलते. वाद्यात त्या बदलाचा सूर होतो आणि पहाऱ्यात त्याची घंटा होते. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. या माणसाच्या दुकानात पहिल्या दिवसापासून एकाच कापडाचे दोन कपडे टांगलेले होते. पुढच्या सबंध आयुष्यात गिऱ्हाईक येत गेले आणि त्यांतला आपल्याला हवा तो उचलून नेत गेले.

१९२६ साली त्याने दूरचित्रवाणीचे यंत्रही करून दाखवले. ते सरकारने गुप्त ठेवले. वाद्य मात्र जगाला दाखवायला पाठवले. १९२७ साली फ्रँकफर्टचे संगीत प्रदर्शन, मग बर्लिन, पॅरिस, लंडन, जिथे जावे तिथे गर्दी! त्याच वर्षाच्या अखेरीस तो न्यूयॉर्कला पोहोचला आणि १९२८ च्या फेब्रुवारीत त्याला अमेरिकेचे पेटंट मिळाले. सोव्हिएत सरकारने त्याला केवळ संगीतासाठी पाठवले नव्हते. तिकडच्या कारखान्यांची माहिती आपण मायदेशी पुरवत होतो, हे त्याने स्वतःच उतारवयात सांगितले आहे.

इथून पुढचा भाग वाणिज्याच्या पुस्तकात धडा म्हणून घालावा असा आहे. १९२९ साली आर. सी. ए. या बलाढ्य कंपनीने वाद्य बनवण्याचा परवाना घेतला. वाद्याची किंमत होती १७५ डॉलर. व्हॉल्व्ह आणि लाउडस्पीकर यांचे पैसे वेगळे. ते धरले की बेरीज दोनशेच्या वर जाई. ज्याला शीळ घालता येते त्याला हे वाद्य वाजवता येईल, अशा धर्तीची जाहिरात झाली. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला! जेमतेम ५०० नग तयार झाले आणि कंपनीने हात आखडता घेतला.

मंदी हे कारण खरेच. पण माझ्या अल्पमतीने दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. माल सोपा आहे असे सांगून विकला आणि तो होता जगातल्या सर्वांत अवघड वाद्यांपैकी एक. पेटीवर बोट ठेवले की नवशिक्याचाही सा लागतो. सारंगीला निदान तार असते, बोटाला काही टेकू असतो. इथे हवेत सा शोधायचा. तो डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही. श्वास घेताना अंग हलले तरी सूर हलतो. घरी आणून, दिवाणखान्यात मांडून, चार दिवस मांजरासारखे आवाज काढून किती घरांनी त्यावर कापड टाकले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

मग ते वाजवणार कोण? त्याचे उत्तर होते क्लारा. १९११ साली विल्निअस येथे जन्मलेली ही मुलगी अगदी लहान वयात व्हायोलिनमध्ये चमकली होती. पण बालपणीच्या कुपोषणाने हाडे कमजोर झाली आणि व्हायोलिन सुटले. ज्या हातांना धनुकलीचा भार पेलेना, त्यांना स्पर्शच नको असलेले वाद्य भेटले. दैवाची लीला दुसरी कोणती म्हणावी! तेर्मेनने तिच्यासाठी वाद्याची सप्तके तीनांवरून पाचांवर नेली आणि आवाज चटकन तोडता येईल अशी सोय केली. तिने हवेतच बोटांच्या जागा ठरवून वाजवण्याची स्वतःची पद्धत बसवली. तेर्मेनचे तिच्यावर प्रेम बसले. तिच्या वाढदिवसाला त्याने एक केक केला होता. ती जवळ आली की तो फिरू लागे आणि मेणबत्ती पेटे. त्याने लग्नाची मागणी घातली, पण तिने रॉकमोर नावाच्या वकिलाशी लग्न केले. वाद्याला मात्र तिने अंतर दिले नाही.

न्यूयॉर्कच्या त्या दशकात तेर्मेनच्या कार्यशाळेतून एकाहून एक नवलाच्या वस्तू बाहेर पडल्या. हेन्री कॉवेल या संगीतकारासाठी त्याने निरनिराळ्या लयी एकाच वेळी वाजवणारे यंत्र केले. नर्तकीच्या अंगविक्षेपांनी सूर निघतील असा नृत्याचा मंचही केला. आपल्याकडे गाण्यावर नाच होतो, तिथे नाचातून गाणे निघत होते! १९३२ साली कार्नेगी हॉलमध्ये थेरेमिनांचा मोठा ताफा एकत्र वाजला. पण कौतुकाने घरभाडे भरता येत नाही. भागीदार येत, कंपन्या निघत, कंपन्या बुडत. अल्काट्राझच्या कुप्रसिद्ध तुरुंगासाठी धातू ओळखणारी यंत्रेसुद्धा त्याच्याच कंपनीने पुरवली. तरीही देणेकऱ्यांची यादी वाढतच होती.

याच काळात त्याने लॅव्हिनिया विल्यम्स या कृष्णवर्णीय नर्तकीशी विवाह केला. पहिला विवाह अमेरिकेत आल्यावर मोडला होता. वर्णभेदाचा तो काळ. या लग्नामुळे कितीतरी प्रतिष्ठितांची दारे त्याला बंद झाली. पैशाच्या तोट्यापुढे माणूस जात नाही असे आम्हाला शिकवतात. इथे तो गेला होता, हे त्याच्या जमेच्या बाजूला मी मोठ्या अक्षरांत लिहिते.

आणि पुढच्याच ओळीला नावे टाकावे लागते. १९३८ सालच्या सप्टेंबरमध्ये तो एका सोव्हिएत बोटीने न्यूयॉर्कहून निघून गेला. एकटाच. लॅव्हिनिया मागे राहिली. त्याला पळवून नेले असे अमेरिकेत कित्येक वर्षे मानले जात होते. आपण स्वखुशीने गेलो, असे त्याने पुढे स्वतः सांगितले. कर्ज होते, युद्धाची चाहूल होती, घरची ओढ होती. पत्नी मागाहून येईल असे त्याला वाटत होते. ती कधीच आली नाही. तिला येऊच दिले नाही.

मायदेशाने स्वागत कसे केले? १९३९ च्या मार्चमध्ये अटक, खोटे आरोप, आठ वर्षांची शिक्षा आणि रवानगी कोलिमाला. सैबेरियाच्या टोकाचा हा बर्फाळ मुलूख म्हणजे कैद्यांची स्मशानभूमी. तिथे दगडमातीच्या हातगाड्या ढकलताना त्याने लाकडी रुळाची युक्ती काढली. त्यामुळे काम हलके झाले आणि त्याच्या तुकडीचा शिधा वाढला, असे तो सांगत असे. पुढे त्याला कैदी शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत आणले. विमानांचा रचनाकार तुपोलेव्ह तिथे कैदी होता. पुढे १९५७ साली पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात पाठवणारा कोरोल्योव्हही कैदी होता. सरकारने आपले सर्वांत हुशार भांडवल गजाआड ठेवून वापरले.

आता ती वस्तू. १९४५ सालच्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी मॉस्कोतील अमेरिकन राजदूताला मैत्रीखातर लाकडावर कोरलेले अमेरिकेचे राजचिन्ह भेट दिले. ते राजदूताच्या निवासात भिंतीवर लागले. त्याच्या आत तेर्मेनने केलेले एक श्रवणयंत्र होते. त्याला ना तार, ना बॅटरी. बाहेरून कोणी ठरावीक रेडिओलहरी सोडल्या तरच ते जागे होई, एरवी नुसता धातूचा तुकडा. त्यामुळे झडत्या घेऊनही ते सापडत नसे. १९५२ साली ते सापडले, म्हणजे सात वर्षांनी! १९६० च्या मे महिन्यात अमेरिकेने ते संयुक्त राष्ट्रसंघात सर्व जगाला उघडून दाखवले.

त्या यंत्राची रचना वाचताना मी थबकले. आत एक अतिशय पातळ पडदा आणि त्याच्यासमोर धातूची एक बैठक, म्हणजे पुन्हा कंडेन्सरच. खोलीत कोणी बोलले की पडदा थरथरतो, मधले अंतर बदलते आणि परत जाणाऱ्या लहरींवर ते बोलणे उमटते. थेरेमिनपुढे हात हलतो, इथे माणसाचा आवाज हलवतो. स्पर्श दोन्हीकडे नाही. एका वाद्यापुढे क्लारा आपण होऊन उभी राहते आणि मनातले बाहेर आणते. दुसऱ्यापुढे माणसे नकळत बसतात आणि त्यांच्या मनातले काढून घेतले जाते. विद्या तीच, हात तेच, गिऱ्हाईक मात्र निराळे.

पुढे खिडकीच्या काचेच्या थरथरीवरून दुरून बोलणे ऐकण्याचे यंत्रही त्याने केले. त्याबद्दल १९४७ साली त्याला स्टालिनच्या नावाचे पारितोषिक मिळाले. ज्या हाताने बेडी घातली त्याच हाताने पदक दिले. त्याच वर्षी सुटका झाली. आणि हा गृहस्थ सुटल्यानंतरही त्याच खात्यात नोकरीला राहिला! इथे माझा हिशेब बिघडतो. भीती म्हणावी, सवय म्हणावी, की उपकरण मिळाले म्हणजे मालक कोण हे न पाहणारी कारागिराची भूक म्हणावी? त्याने मॉस्कोत पुन्हा लग्न केले. त्याला जुळ्या मुली झाल्या. लॅव्हिनिया पुढे हैतीला जाऊन नृत्य शिकवू लागली.

साठीच्या दशकात गुप्त खाते सोडून तो मॉस्कोच्या संगीत विद्यालयातील ध्वनिप्रयोगशाळेत आला आणि पुन्हा वाद्ये करू लागला. अमेरिकेत तर तो केव्हाच मेला असे समजत. १९६७ साली न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राच्या संगीत समीक्षकाला तो तिथे अवचित भेटला आणि बातमी छापून आली. ज्या बातमीने मित्रांना आनंद झाला, तिनेच त्याची नोकरी घालवली. प्रयोगशाळा बंद झाली, वाद्ये मोडून टाकली गेली. सत्तरी ओलांडलेला तेर्मेन विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात साधा तंत्रज्ञ म्हणून राहिला. मात्र लिडिया काविना या नात्यातल्या नऊ वर्षांच्या मुलीला त्याने हाताशी घेतले आणि थेरेमिन शिकवले. तिने पुढे देशोदेशी ते वाजवले.

त्याला ठाऊक नसताना दूर अमेरिकेत त्याचे खाते दुसऱ्याच कोणीतरी चालू ठेवले होते. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या रॉबर्ट मूग नावाच्या मुलाने शाळकरी वयात मासिकातला नकाशा पाहून घरीच एक थेरेमिन जोडले. वडिलांच्या मदतीने तो ती विकू लागला. १९६१ साली विद्यापीठात शिकत असतानाच त्याने सुटे भाग पाकिटात घालून विकायला काढले. किंमत सुमारे ५० डॉलर. ज्याने त्याने घरी बसून डाग देऊन जोडायचे. अशी सुमारे हजार पाकिटे खपली. बलाढ्य कंपनीचा माल ५०० वर अडला होता आणि एका विद्यार्थ्याचा हजारावर गेला! कारण उघड आहे. कंपनीने लोकांना सोपेपणाचे आमिष दाखवले, मूगने त्यांच्या हातात काम दिले. स्वतः जोडलेल्या वाद्यावर माणूस चिडून कापड टाकत नाही.

याच अनुभवावर मूगने १९६४ साली हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या सोबतीने आपला सिंथेसायझर उभा केला. १९६८ साली वेंडी कार्लोस यांनी त्यावर बाखचे संगीत वाजवले आणि हे यंत्र घरोघरी माहीत झाले. आज लग्नाच्या बँडपासून चित्रपटापर्यंत जिथे जिथे सिंथेसायझर वाजतो, तिथे पेट्रोग्राडच्या त्या शिळेचा दूरचा नातलग वाजत असतो. माझ्या कानी पडलेले क्लाराचे ते ध्वनिमुद्रणही १९७७ साली मूगनेच पुढाकार घेऊन करवले होते.

मायदेशी परतल्यानंतर प्रथमच १९८९ साली तेर्मेनला देशाबाहेर, फ्रान्सला जाऊ दिले. त्याच वर्षी हैतीत लॅव्हिनियाचे निधन झाले. १९३८ नंतर दोघांची भेट झालीच नाही. १९९१ साली ९५ वर्षांचा हा म्हातारा अमेरिकेला गेला. स्टॅनफर्डला मूग भेटला. न्यूयॉर्कमध्ये क्लारा भेटली, आयुष्य उलटून गेल्यावर. ३ नोव्हेंबर १९९३ रोजी मॉस्कोत त्याचा अंत झाला. त्याने ९७ वर्षे पाहिली. त्यात झार, लेनिन, स्टालिन सगळे आले आणि गेले.

आता ताळेबंद. नावे बाजूला मागे राहिलेली पत्नी आहे, आणि ज्यांचे बोलणे चोरून ऐकले गेले ती माणसे आहेत. त्यांतले किती त्याने केले आणि किती त्याच्याकडून करवून घेतले, हे कोलिमाच्या थंडीत न राहिलेल्या माझ्यासारखीने ठरवू नये. जमेला एक वाद्य आहे, मोडून टाकले तरी जे पुन्हा पुन्हा कोणाच्या तरी घरी जोडले गेले.

आणखी दोन वर्षांनी आम्ही वाणिज्यवाले कुठल्यातरी खुर्चीत बसू. आमच्याही हाती काहीतरी विद्या असेल. ती विकावी लागेल, पोट कोणाला चुकले आहे? पण गिऱ्हाईक कोण आहे, एवढे तरी मान वर करून पाहावे, हे मी या माणसाकडून शिकले. त्याला ते पाहण्याची मोकळीक फारशी मिळाली नाही. आपल्याला आहे. दोन्ही बाजूंचे आकडे कितीही मोठे असोत, जगाला ऐकू जाते ती शिल्लक. त्याची मी ऐकली आहे, क्लाराच्या हातून. ती सुरेल आहे.